पाणी देणाऱ्याची बाजू

आमच्याकडे नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. कधी त्याहूनही उशिरा. संभाजीनगरात राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. बाहेरच्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की या शहरात पाण्याचा दिवस म्हणजे सणाचा दिवस. त्या दिवशी कोणी बाहेरची कामं काढत नाही.

माझी आजी त्या दिवशी घरातलं पिंप आधी भरायची नाही. आधी दाराबाहेरचा रांजण घासून, धुऊन भरायची. छावणीच्या बाजूला आमचं जुनं घर अगदी रस्त्याला लागून होतं. रिक्षावाले, भंगारवाले, शाळेतून परतणारी पोरं, कोणीही थांबायचं आणि पाणी पिऊन पुढे जायचं. आई चिडायची, “अहो, आधी आपलं तरी भरा.” आजी ऐकू न आल्यासारखं करायची. रविवारी ती चर्चला जायची, पेटी-तबल्यावरच्या भजनात बसायची, ‘उपासना संगीत’ तिला जवळजवळ पाठ होतं. पण तिची श्रद्धा मला आठवते ती त्या रांजणाच्या तळाशी हात घालून शेवाळ खरवडताना.

तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा काही दिवस तिला वाचायला बंदी होती. मी तिला रोज दुपारी वाचून दाखवायचे. एकदा बायबल झाल्यावर म्हणाली, “आता ते टिळकबाईंचं पुस्तक घे.” म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. हा लेख त्या पुस्तकाबद्दल आहे, आणि ते वाचून झाल्यावर आजी जे बोलली त्याबद्दलही.

*

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झालं. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांची कोणतीही यादी काढा, ते त्यात असतंच. शांता गोखले यांनी २०१७मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला, त्यामुळे मराठी न वाचणाऱ्या आणखी लोकांपर्यंत ते पोहोचलं. तरी माझ्या वयाच्या बहुतेकांना त्यातला एखादा धडाच ठाऊक असतो: विसरभोळा कवी नवरा, त्याने घातलेले गोंधळ आणि ते निस्तरणारी हजरजबाबी बायको.

हे झालं शाळेतलं वाचन. दुसरं वाचन आमच्या चर्चमधलं. तिथे हे पुस्तक म्हणजे साक्ष. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पत्नी काही वर्षं दुरावली, मग परत आली आणि १९००मध्ये तिनेही बाप्तिस्मा घेतला. गोष्ट संपली, आमेन.

शाळा विनोद ठेवते आणि श्रद्धा गाळते. चर्च श्रद्धा ठेवतं आणि विनोद गाळतं. दोघांच्याही हातून पुस्तकाचा मधला भाग निसटतो, आणि तोच सगळ्यात मोठा आहे. तो आहे काम. चूल, पाणी, आजारपणं, उसनवारी, पाहुणे, बाळंतपणं, दुसऱ्यांची मुलं. लक्ष्मीबाई देवाबद्दल जे काही सांगतात, ते या कामांच्या आतून सांगतात. त्यासाठी त्या वेगळं प्रकरण काढत नाहीत.

पुस्तक कुठून सुरू होतं ते पाहा. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने पछाडलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. माणसांच्या स्पर्शाची धास्ती. या वेडाचा सगळा भार घरातल्या बायकांवर, कारण धुवायचं कोणी? त्यांनीच. लक्ष्मीबाई हे हसत हसत लिहितात, पण ते हसू ओसरलं की खाली एक भेदरलेलं घर दिसतं.

आता पुढचं घर बघा. अहमदनगर असो की राहुरी, टिळकांच्या घराचं दार सहसा बंद नसतं. कोणीही येतं, जेवतं, राहतं. ‘बालकवी’ ठोंबरे त्या घरात मुलासारखे राहिले. पोटच्या मुलांबरोबर बाहेरची मुलं वाढली. पगार आला की टिळक तो कोणाला देऊन बसतील याचा नेम नसायचा.

ही दोन घरं मी शेजारीशेजारी ठेवते, तेव्हा मला पुस्तकाचा कणा सापडतो. दोन्ही घरांत श्रद्धा घरकामातूनच चालते. पहिल्या घरात घरकाम म्हणजे जगाला बाहेर ठेवणं. दुसऱ्यात घरकाम म्हणजे जगाला जेवायला वाढणं. घासायचे-धुवायचे हात तेच, राबणंही तेवढंच. पहिल्या घरातून दुसऱ्यापर्यंत चालत जायला एका बाईला किती वर्षं लागली आणि काय सोसावं लागलं, हा ‘स्मृतिचित्रे’चा विषय आहे असं मला वाटतं.

*

त्या वाटेवरचं सगळ्यात मोठं वळण पाण्याचं आहे. नवऱ्याकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपलं सोवळं आणि वेगळं पाणी सांभाळलं. मग त्यांनी स्वतःशीच प्रश्न मांडला: माणसामाणसांतले हे भेद देवाने केले की माणसांनी? उत्तर सापडलं, आणि त्यांनी विटाळ सोडला. लक्षात घ्या, हे बाप्तिस्म्याच्या आधी घडलं. म्हणजे आधी ख्रिस्त पटला आणि म्हणून जात सुटली, असा हा क्रम नाही. आधी हात पाण्यापर्यंत गेला. श्रद्धा मागून चालत आली.

बाप्तिस्म्याच्या तारखेवर थांबणाऱ्या आमच्या साक्षींमध्ये हा क्रम कधीच येत नाही. आला पाहिजे. कारण श्रद्धा म्हणजे मनातली मान्यता आणि काम म्हणजे तिचं प्रदर्शन, हा आपला समज त्याने उलटा होतो. इथे कामच आधी विचार करतं.

आता टिळकांबद्दल. त्यांना मी मोठा कवी मानते. कीर्तन, अभंग हे इथल्या मातीतले प्रकार त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. आमच्या चर्चमध्ये आज जी भजनं होतात, त्यांच्या मुळाशी ते आहेत. १९१७मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही एकत्र बसता येईल अशी जागा. आजही एखादं चर्च हे करायला धजावेल का, शंका आहे.

पण पगार सोडल्यावर घर कोणी चालवलं? दारात आलेल्याला टिळक आत बोलवायचे; त्याच्यासाठी पीठ कोण मळायचं? ‘स्मृतिचित्रे’तला विनोद मला या प्रश्नाचा जमाखर्च वाटतो. लक्ष्मीबाई तक्रार करत नाहीत, नोंद करतात. नवऱ्याच्या प्रत्येक उदार कृतीपुढे तिची किंमत लिहून ठेवतात, आणि तरी त्या माणसावरचं प्रेम कमी होऊ देत नाहीत. संतचरित्रं लिहिणाऱ्यांना हे जमत नाही. त्यांना संताच्या घरातलं रिकामं पिठाचं डबडं दिसत नाही.

इथवर मी पुस्तकाच्या बाजूने बोलले. आता अडचणीकडे येते.

*

आम्ही ब्राह्मण ख्रिस्ती नाही. मराठवाड्यातले बहुसंख्य ख्रिस्ती ज्या जातींतून आले, त्यातल्याच आम्ही. माझ्या पणजोबांचं गाव जालन्याच्या बाजूचं. गावकुसाबाहेरचं घर, पाणवठा वेगळा, आणि तोही उन्हाळ्यात आटणारा. म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी पाण्याच्या दुसऱ्या बाजूला उभी असते. लक्ष्मीबाई ज्यांच्या हातचं पाणी घ्यावं की नाही याचा विचार करतात, त्या हातांची मी पणती आहे.

तो भाग मी आजीला वाचून दाखवला. डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून ती ऐकत होती. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बाईनं पाणी पिलं ते लई बरं केलं. पण देणाऱ्याला कुणी इचारलं का, तुला काय वाटलं म्हणून?”

या वाक्याने माझं वाचन बदललं. पुस्तकात पाणी पिणारीचं मन उघडं आहे, तिची लाज, भीती, हट्ट, सगळं. पाणी देणाऱ्याचं मन बंद आहे. त्याला बहुधा नावही नाही. हा दोष लक्ष्मीबाईंचा म्हणायचा का? मला नाही वाटत. त्या स्वतःबद्दल लिहीत होत्या, आणि स्वतःला त्यांनी कुठेही सावरून घेतलेलं नाही. आपला विटाळ त्यांनी झाकला असता, तर आजीला हा प्रश्न विचारायला जागाच मिळाली नसती. दोष शोधायचाच असेल तर तो एकच आत्मचरित्र पुढे करून ‘मराठी ख्रिस्ती अनुभव’ असं त्यावर लेबल लावणाऱ्या आपल्यात शोधावा.

कारण दुसऱ्या बाजूने कोणी बोललंच नाही असंही नाही. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. त्याआधी १३ वर्षं, १८५५मध्ये, मुक्ता साळवे या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ज्या धर्माचे ग्रंथ आम्ही वाचायचे नाहीत तो धर्म आमचा कसा, असा तिचा सवाल होता. तो छापला ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्या नियतकालिकाने, ज्याच्या मराठी विभागाचं संपादन पुढे टिळकांनीच केलं. पण मुक्ताचा एक निबंध आपल्याकडे आहे. तिची ‘स्मृतिचित्रे’ नाहीत.

जालन्याजवळचं बेथेल हे दुसरं उदाहरण. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात वसवलेलं ख्रिस्ती गाव. तिथे आलेले लोक मुख्यतः मांग आणि महार. शेती, कारागिरी, शाळा आणि उपासना एकाच गावात नांदावी, ही कल्पना. श्रद्धा रोजच्या कामात जगायची म्हणजे काय, याचा इतका मोठा प्रयोग आमच्या दाराशी झाला. शेषाद्रींचं नाव आपल्याला माहीत आहे. १८७३मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत ते बोलले होते, त्याची नोंद आहे. पण गावकुसाबाहेरून तिथे आलेल्या बाईला स्वतःच्या गावातल्या पाण्यात पहिल्यांदा घागर बुडवताना काय वाटलं असेल? ते वाचायला मला काय वाटेल ते द्यायला तयार आहे मी.

*

एक टोमणा आम्ही सगळ्यांनी ऐकलेला असतो: ‘तुमचे लोक गव्हासाठी आणि दुधाच्या पावडरसाठी ख्रिस्ती झाले.’ मी तो कॉलेजात ऐकला, आणि उत्तर न सुचून गप्प बसले. वर्षानुवर्षं मला त्याची लाज वाटत राहिली. जणू भाकरीच्या वाटेने आलेली श्रद्धा खोटी, आणि ग्रंथांच्या वाटेने आलेली तेवढी खरी.

‘स्मृतिचित्रे’ने मला त्याचं उत्तर दिलं. लक्ष्मीबाईंची श्रद्धासुद्धा स्वयंपाकघरातून आली. पाण्यातून, जेवणातून, कोणाच्या पंक्तीला बसायचं या प्रश्नातून. त्याला आपण ‘मनोविकास’ म्हणतो, त्यावर प्रबंध लिहितो. माझ्या पणजीने दुष्काळात कोणीतरी तिच्या ताटात धान्य घातलं, विटाळ न मानता जवळ बसून तिच्या पोराला दूध पाजलं, म्हणून त्या माणसाच्या देवावर विश्वास ठेवला असेल, तर तो लोभ कसा? हातचं घेणं आणि हातचं देणं याच्याभोवतीच इथला सगळा धर्म फिरत असेल, तर हात पुढे करणाऱ्याच्या देवाला मानणं ही मला तरी नीट विचार करून केलेली गोष्ट वाटते.

लक्ष्मीबाईंना हा युक्तिवाद पटला असता की नाही, मी सांगू शकत नाही. पण तो करायची ताकद त्यांच्याच पुस्तकाने दिली. चांगल्या पुस्तकाची मला कळणारी खूण हीच: ज्या वाचकाचा लेखकाने विचारही केला नव्हता, त्यालाही ते उपयोगी पडतं.

तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ वाचा, पूर्ण वाचा. आणि तुमच्या घरात पाणी देणाऱ्या बाजूची एखादी म्हातारी असेल, मग ती कोणत्याही धर्माची असो, तर तिला ते वाचून दाखवा. ती मध्येच काही बोलली, तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. मी केलं नाही. आजी गेली तेव्हा तिचं ते एक वाक्य तेवढं माझ्याकडे उरलं, आणि तेही आठवणीतून लिहिलेलं.

रांजण मात्र आहे. नव्या घरात तो गेटच्या आत ठेवायचं चाललं होतं, कारण बाहेरचा नळ कोणी काढून नेईल, रांजण कोणी फोडेल. आईनेच तो बाहेर नेऊन ठेवला. परवा पाणी आलं, तेव्हा तिने आधी तो भरला. मी म्हटलं, “आधी आपलं तरी भर.” तिने ऐकू न आल्यासारखं केलं.