बहिणाबाईंची निवड

संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदनाचे अभंग आपण कीर्तनात ऐकतो, पण बहुधा अर्धेच. पतिव्रताधर्माचे अभंग निरूपणाला घेतले जातात. मारहाणीचे मागे राहतात. गाथेत दोन्ही आहेत, आणि दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय बहिणाबाई कळत नाहीत.

त्यांचा जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. सासर शिऊर, आजच्या वैजापूर तालुक्यातले. तिसऱ्या वर्षी लग्न झाले. नवरा तिशीचा, बिजवर. मुलीला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे भाऊबंदकीमुळे आईवडील आणि जावई गाव सोडून फिरत फिरत कोल्हापूरला आले. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकोबारायांचे अभंग कानी पडले. कधी न पाहिलेल्या तुकोबांचा ध्यास लागला आणि स्वप्नात त्यांचा उपदेश मिळाला. बहिणाबाईंची स्वतःची म्हणावी अशी ही निवड.

यावर पतीला आलेला राग नीट वाचावा. आपण वेद जपणारे ब्राह्मण, मग गुरू शूद्र कसा? लोक बायकोच्या पाया पडू लागले, तर आपल्याला कोण विचारील? म्हणजे खरी हरकत प्रेम कुणावर जडले याला होती. आजही लेकीचे मन कुठे गुंतले हे कळताच घरात आधी आडनाव विचारतात. माणूस कसा आहे, हे विचारायचे पुष्कळदा राहूनच जाते.

पती घर सोडायला निघाले, तेव्हा बहिणाबाई पतिसेवेचा निश्चय सांगतात. हे अभंग आज वाचताना मन अडखळते. मार सोसून सेवा करावी, असा धडा त्यांतून मुलींना देणे मला मान्य नाही. पण त्या अभंगांत माघारही नाही. संसार धरून ठेवताना बहिणाबाईंनी तुकोबांना सोडले नाही. बदलले ते पती. आजारपणानंतर त्यांचे मन पालटले आणि कुटुंब देहूला गेले. तिथे मंबाजींनी छळले, तरी निवड ढळली नाही. वज्रसूचीचा अर्थ अभंगांत मांडताना बहिणाबाईंनी ब्राह्मण्य जन्मावर नव्हे, ब्रह्मज्ञानावर ठरवले. घरातल्या जुन्या वादाचे ते शांत उत्तरच आहे.

१७०० मध्ये त्यांनी देह ठेवला. शिऊरला त्यांची समाधी आहे. तिथे माथा टेकून आलेल्याने घरी लेकीचे म्हणणे एकदा पुरते ऐकून घ्यावे.

रामकृष्णहरी.