शब्दसाठा आणि शब्दज्ञान

नॉर्मन लुइस या अमेरिकन लेखकाचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक १९४९ साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्यास पाऊणशे वर्षे उलटली, ग्रंथकारही २००६ साली निवर्तले. परंतु स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याच्या हातून ते पुस्तक अद्याप सुटलेले नाही. इंदुरात अन्नपूर्णेच्या मंदिराभोवती जी वस्ती पसरली आहे, तीतील मराठी घरांतूनही अवघड इंग्रजी शब्दांची पारायणे चालतात. पारायण पुण्यप्रद असते, हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. मात्र अर्थावाचून केलेल्या पारायणाने ज्ञान होते काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

प्रथम पुस्तकाचे गुण सांगणे न्याय्य होईल. लुइस शब्द सुटे देत नाही. तो त्यांची कुळे दाखवितो. द्वेषवाचक ‘मिस’ हे ग्रीक मूळ एकदा कळले की मिसअँथ्रोप म्हणजे मनुष्यद्वेष्टा, मिसॉजिनिस्ट म्हणजे स्त्रीद्वेष्टा आणि मिसॉगमिस्ट म्हणजे विवाहद्वेष्टा, ही तीन कुलुपे एकाच किल्लीने उघडतात. संस्कृताचा गंध असलेल्या घरांस ही रीत परकी वाटू नये. ‘हृ’ या एका धातूस उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे भिन्न अर्थांचे शब्द होतात. लॅटिनमधील ‘पाहणे’ या अर्थाच्या मुळापासून इन्स्पेक्ट, रिस्पेक्ट, सस्पेक्ट आणि प्रॉस्पेक्ट हे शब्द त्याच न्यायाने निघाले आहेत: आत पाहणे, वळून पाहणे, खालून पाहणे, पुढे पाहणे. ज्याने लहानपणी उपसर्ग पाठ केले, त्यास लुइसची निम्मी वाट आधीच चालून झालेली असते.

पण व्युत्पत्ती ही शब्दाची जन्मपत्रिका आहे, त्याचे चरित्र नव्हे. सँक्शन हा शब्द पाहा. सरकारी कचेरीत त्याचा अर्थ मंजुरी. न्यायशास्त्रात आज्ञाभंगाबद्दलची शिक्षा. आणि एका राष्ट्राने दुसऱ्यावर सँक्शन्स लादले म्हणजे निर्बंध. मूळ एकच, अर्थ परस्परांच्या उलट. कोणता घ्यावा हे मूळ सांगत नाही, वाक्य सांगते. कायद्याचा धंदा करणाऱ्यास हे रोज उमजते. शब्दसूची घोकणाऱ्यास मात्र परीक्षेच्या दिवशीही उमजत नाही.

लुइसने जे थोडेफार सांभाळले, तेही बाजारातील स्वस्त पुस्तिकांनी घालविले. त्याच्या पुस्तकात बोलण्याच्या सवयींचे एक प्रकरण आहे. त्यात गॅर्युलस, व्होल्युबल, व्हर्बोस आणि लोक्वेशस यांतील छटा तो निरनिराळ्या स्वभावचित्रांनी समजावतो. पुस्तिकेत या चारांपुढे ‘बातूनी’ हा एकच हिंदी शब्द छापला की काम संपते. वास्तविक मराठीत या प्रांती केवढी समृद्धी आहे! क्षुल्लक गोष्टींची टकळी लावणारा तो बडबड्या, शब्दांचा फापटपसारा मांडणारा तो पाल्हाळिक, ज्यास बोलण्याची हौसच फार तो बोलका किंवा वाचाळ, ज्याची जीभ कोठे अडखळत नाही तो अस्खलित बोलणारा. तसेच टॅसिटर्न तो अबोल, लॅकॉनिक तो मितभाषी, आणि मनात असूनही ज्यास ओठांवर आणता येत नाही तो मुखदुर्बळ. ज्या मुलाने ही माणसे आपल्या घरात, देवळाच्या ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत पाहिली आहेत, त्यास इंग्रजी शब्द नुसता चिकटवावयाचा असतो. अर्थ त्याच्यापाशी आधीच असतो.

येथेच इंदूरच्या मराठी मुलाची खरी अडचण सुरू होते. होळकरशाहीपासून येथे वसलेल्या घरांत बोली मराठी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी. इंग्रजी शब्दाचा अर्थ त्यास मिळतो तो हिंदीतून, आणि तो अर्थ तो मनात मराठीतून लावतो. अमेंडमेंट म्हणजे ‘संशोधन’ असे वाचून त्यास प्रयोगशाळा आठवावी, एंडेव्हर म्हणजे ‘चेष्टा’ वाचून टवाळी आठवावी, व्हेकंट म्हणजे ‘खाली’ वाचून त्याने जमिनीकडे पाहावे, असा हा प्रकार आहे. येथील न्यायालयात ‘राजीनामा’ म्हणजे पक्षकारांतील तडजोड; तोच शब्द मराठीत नोकरी सोडल्याचा कागद! लिपी एक, शब्द एक, आणि अर्थ मात्र दोन राज्यांचे. अशा दुभाष्याच्या हाती परक्या भाषेची किल्ली देणे धोक्याचे आहे. कारवार-मंगळूरकडच्या कोकणी घरांतही, जेथे घरची भाषा एक आणि शाळेची कानडी, असा घोटाळा अपरिचित नसावा.

आपल्यापाशी साधने नव्हती असेही नाही. मोल्सवर्थने आरंभिलेला आणि थॉमस कँडीने तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नीळकंठ बाबाजी रानडे यांनी आपला विशाल कोश सिद्ध केला. कोकणीसाठी मोन्सिन्योर दाल्गादो यांचा कोकणी-पोर्तुगीज कोश १८९३ सालचा. एका शब्दापुढे एक प्रतिशब्द ठेवून हे कोशकार समाधान पावले नाहीत. प्रसंगानुसार अर्थ कसा पालटतो, हे दाखविण्यासाठी ते झिजले. त्यांतील काही मराठी शब्द आज जुने झाले, हे खरे. पण शब्दाकडे पाहण्याची ती दृष्टी जुनी झालेली नाही.

कोणी म्हणेल, परीक्षेस एवढ्या खोलात शिरण्याची गरज काय? कित्येक नोकरीच्या परीक्षांत समानार्थी शब्दावर खूण केली की गुण मिळतात, हे मान्य. परंतु विधि महाविद्यालयांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेने २०२० पासून सुटे शब्द विचारण्याची चाल सोडून उताऱ्यातील अर्थ विचारण्यास आरंभ केला आहे. आणि परीक्षेनंतरचे आयुष्य तर सगळे उताऱ्यांचेच असते. करारनाम्यातील एका शब्दाचा चुकीचा अर्थ लावणाऱ्यास चार पर्याय कोणी देत नाही.

तात्पर्य, लुइस वाचावा, पण एकट्याने वाचू नये. शेजारी एखादा चांगला इंग्रजी-मराठी कोश असावा. प्रत्येक नव्या शब्दाचे एक वाक्य स्वतः रचावे. आणि त्याच छटेचा शब्द मराठीत वा कोकणीत कोणता, हे घरातील आजीला विचारावे. इंग्रजी अक्षरही न येणारी आजी मुखदुर्बळ आणि घुम्या यांतील भेद जसा सांगेल, तसा छापील पुस्तिका सांगणार नाही. मुलांनी रोज वीस शब्द पाठ केले याचा अभिमान पालकांनी जरूर बाळगावा. मात्र त्यांतील किती पचले, हेही विचारावे. अन्नपूर्णेच्या छायेत राहणाऱ्यांस वाढणे आणि पचणे यांतला फरक कोणी शिकवावा?