‘डेटा तर पब्लिकच आहे!’ : झिमर यांचा लेख का वाचावा

तुमच्या पीएचडीत फेसबुक पोस्ट किंवा यूट्यूबवरच्या कमेंट्स डेटा म्हणून येणार असतील, तर सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी मायकेल झिमर यांचा २०१० सालचा लेख वाचा. ‘एथिक्स अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ या जर्नलमध्ये तो आला होता.

प्रकरण असं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या काही समाजशास्त्रज्ञांनी एका कॉलेजच्या एका बॅचचा फेसबुक डेटा इतर संशोधकांसाठी खुला केला. विद्यार्थ्यांची नावं काढली होती, कॉलेजचं नावही दिलं नव्हतं. एथिक्स कमिटीची परवानगी होती, फेसबुकचीही होती. विद्यार्थ्यांना तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

कॉलेज लगेच ओळखू आलं: हार्वर्ड. आणि बघा, झिमर यांनी डेटाची फाईल उघडलीसुद्धा नव्हती. डेटासोबतचं कोडबुकच पुरलं. बॅचचा आकडा १,६४०, कॉलेज खासगी, आणि शिकवल्या जाणाऱ्या विषयांची नावं, त्यातली काही मोजक्याच ठिकाणी सापडणारी. कॉलेज कळल्यावर पुढचं सोपं. एखाद्या देशातून त्या बॅचमध्ये एकच मुलगा आला असेल, तर नाव पुसून उपयोग काय? लटान्या स्वीनी यांनी २००० सालीच दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून ८७ टक्के अमेरिकी लोक एकमेव ठरू शकतात.

पण लेखाचा खरा कस दुसऱ्या मुद्द्यात आहे, आणि तोच घाईत वाचताना निसटतो. प्रोफाईल्स गोळा करणारे सहायक त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. कुणी आपली माहिती ‘फक्त आपल्या कॉलेजपुरती’ ठेवली असेल, तर ती या सहायकांना दिसत होती, जगाला नाही. म्हणजे ‘मला दिसतं’ आणि ‘सगळ्यांसाठी आहे’ यात फरक आहे. चाळीतल्या गॅलरीत बोललेलं शेजाऱ्याला ऐकू येतं, म्हणून ते वर्तमानपत्रात छापायची मुभा मिळत नाही.

लेखात मला एक उणीव वाटते. डेटा खुला करण्यामागेही एक रास्त कारण असतं: निष्कर्ष दुसऱ्याला तपासता यावेत. या ओढाताणीला झिमर पुरेसं वजन देत नाहीत. डेटा लपवला तर तपासणार कोण, हा प्रश्न वाचकाच्या हातात तसाच राहतो.

आता आपल्या प्रबंधांकडे या. ‘पश्चिम महाराष्ट्रातील एक गाव’ असं लिहायचं, आणि पुढच्याच पानावर जनगणनेतली नेमकी लोकसंख्या, साखर कारखान्यापासूनचं अंतर, महिला सरपंचांची जात आणि कार्यकाळ द्यायचा. तालुक्यातल्या कुठल्याही माणसाला गाव कळतं, सरपंचबाईही कळतात. ऑनलाईन कमेंटचं तर आणखी सोपं: अवतरणचिन्हातलं वाक्य जसंच्या तसं सर्चमध्ये टाका, अनेकदा लिहिणाऱ्याचं अकाउंटच समोर येतं. मग तुम्ही त्याला ‘प्रतिसादक ७’ म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

म्हणून शब्द बदलून आशय द्या, मूळ वाक्य स्वतःजवळ जपून ठेवा, आणि असं का केलंत ते संशोधन पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. व्हायव्हात कुणीतरी ‘मूळ अवतरण कुठे आहे?’ असं विचारणारच. तेव्हा हे पान उघडून दाखवता येईल.