सगळ्यात भारी गोळी कुठली? : गुडघेदुखीच्या औषधांची तुलना तपासताना

गुडघ्याच्या झिजेवर, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसवर, बोलायला सुरुवात केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : सगळ्यात भारी गोळी कुठली? डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब ही नावं आपल्या सगळ्यांच्या कानावरची. या दाहशामक गोळ्यांची तुलना करणारे मोठे अभ्यासही झालेत. आज आपण गोळ्यांपेक्षा त्या अभ्यासांकडे जरा कडक नजरेनं बघू. तराजू कसा धरला होता हे कळल्याशिवाय वजनाला काय अर्थ?

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. या गोळ्या शरीरातली जी रसायनं अडवतात, ती दुखणं आणि सूज वाढवतात हे खरं. पण तीच जठराचं अस्तर सांभाळतात आणि किडनीचा रक्तपुरवठाही राखतात. जठराला त्रास कमी व्हावा म्हणून निवडक काम करणारी सेलेकॉक्सिबसारखी औषधं आली. ती खरंच सौम्य आहेत का, हे तपासायला ‘क्लास’ नावाची चाचणी झाली. सुमारे 8,000 रुग्ण, आणि समोर आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक.

सन 2000 मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात निकाल आला : सहा महिन्यांत सेलेकॉक्सिबनं जठराचा त्रास कमी. छान. पण अभ्यास सहा महिन्यांत संपलाच नव्हता! त्याचे दोन भाग होते. एकाचा आराखडा 12 महिन्यांचा, दुसऱ्याचा 16. पूर्ण काळाचे आकडे पुढे उघड झाले तेव्हा तो फायदा जवळजवळ विरून गेला होता. 2002 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं यावर कडक टीका छापली. गुडघा वर्षानुवर्षं दुखतो आणि मोजमाप सोयीच्या ठिकाणी थांबवलं जातं, हा पहिला दोष.

दुसरा दोष डोसचा. 2016 ची ‘प्रिसिजन’ चाचणी बघा. 24,081 रुग्ण, त्यातले साधारण 90 टक्के झिजेचे, आणि सगळे हृदयविकाराचा धोका जास्त असलेले. हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणांनी मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात यांचं एकत्रित प्रमाण सेलेकॉक्सिबवर 2.3 टक्के, नॅप्रोक्सेनवर 2.5, आयबुप्रोफेनवर 2.7. मथळे झळकले : सेलेकॉक्सिब हृदयाला इतरांइतकंच सुरक्षित. आता तपशील वाचू. झिजेच्या रुग्णांसाठी सेलेकॉक्सिब दिवसाला 200 मिलिग्रॅमवर बांधलेलं होतं. बाकीच्या दोन गोळ्यांचा डोस मात्र वाढवायची मुभा होती. शिवाय जवळपास 69 टक्के रुग्णांनी गोळी मध्येच सोडली. तेव्हा निष्कर्ष एवढाच निघतो, की कमी डोसमधलं सेलेकॉक्सिब भरपूर डोसमधल्या इतर दोघांपेक्षा हृदयाला वाईट ठरलं नाही. आणि आपल्याकडे सर्रास खपणारं डायक्लोफेनॅक या शर्यतीत नव्हतंच.

मग डायक्लोफेनॅकचं काय? इथेच खरी गोम आहे. 2021 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 192 चाचण्या आणि एक लाखावर रुग्णांची माहिती एकत्र करून गुडघा व खुब्याच्या झिजेवरच्या औषधांची क्रमवारी आली. दुखणं कमी करण्यात एटोरिकॉक्सिब 60 मिलिग्रॅम आणि डायक्लोफेनॅक 150 मिलिग्रॅम सर्वांत वर. आता 2013 चा ‘लॅन्सेट’मधला, शेकडो चाचण्यांची माहिती एकत्र केलेला अभ्यास काढू. त्यात डायक्लोफेनॅकचा डोस तोच, दिवसाला 150 मिलिग्रॅम. आणि हार्ट अटॅक, पक्षाघातासारख्या घटना साधारण एक तृतीयांशानं वाढलेल्या. भरपूर डोसमधल्या नॅप्रोक्सेननं ती वाढ दाखवली नाही, पण जठरातल्या गंभीर त्रासात ते मागे नव्हतं. म्हणजे एका यादीतला पहिला नंबर दुसऱ्या यादीत धोक्याच्या रांगेत. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले आहेत. चूक आपली, की आपण एकच यादी वाचून ‘भारी’ ठरवतो.

त्यातच मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पट्टी आणायची आपली सवय. मेडिकलवाल्याला आपलं बीपी ठाऊक नसतं. बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही दाहशामक गोळी, असं त्रिकूट जमलं तर किडनी अडचणीत येऊ शकते. कुठल्याही क्रमवारीत तुमची किडनी मोजलेली नसते.

गंमत म्हणजे, त्याच 2021 च्या अभ्यासानं गुडघ्यासाठी पहिलं औषध म्हणून विचार करायला सुचवलं ते डायक्लोफेनॅकचं मलम. रक्तात फार थोडं जातं आणि गुडघा कातडीखालीच असल्यामुळे उपयोग होतो. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या 2019 च्या आणि ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही आधी मलमाकडेच बोट दाखवतात. सोबत व्यायाम आणि गरज असेल तर वजन कमी करणं. पण मलम चोळणं म्हणजे ‘खरं औषध’ नाही, असं आपल्याला उगाच वाटत राहतं.

तेव्हा यापुढे कुणी ‘अमुक गोळी सर्वांत प्रभावी’ म्हणालं, की चार प्रश्न विचारू या. किती डोसला? किती दिवस मोजून? कशाशी तुलना करून? आणि ज्यांच्यावर चाचणी झाली, त्यांचं जठर, हृदय, किडनी माझ्यासारखी होती का? पहिल्या तिघांची उत्तरं अभ्यासात सापडतात. चौथ्यासाठी मात्र आपल्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांसमोरच बसावं लागतं.