दारिद्र्यरेषा : सरासरीने काय झाकले?

गरीब कोणाला म्हणावे, हे मोजून ठरवता येईल का? पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ या अभ्यासात तसा प्रयत्न केला. माणशी रोज २२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर मिळतो, ती त्यांची किमान पातळी. १९६०-६१ च्या आकडेवारीनुसार खेड्यांतील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्या खाली होते.

या अभ्यासाचे मोल आम्हाला त्याच्या मोकळेपणात दिसते. गृहीतके उघड मांडल्यामुळे ती तपासता आली. जागतिक अन्न व शेती संघटनेत काम केलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला, की निरोगी माणसाचीही ऊर्जेची गरज रोज सारखी नसते. म्हणून सरासरी गरजेलाच सीमारेषा मानले, तर उपाशी माणसांची संख्या फुगते. वाद महत्त्वाचा होता. अशा राष्ट्रीय रेषा पाहूनच जागतिक बँकेने १९९० साली दिवसाला एक डॉलरची रेषा आखली आणि तिच्या आधारे जगभरची धोरणे बोलू लागली.

आमचा आक्षेप वेगळा आहे. खर्चाची पाहणी कुटुंबाची होते आणि बेरजेला माणसांच्या संख्येने भागले जाते. घरात एकाला २८०० आणि दुसरीला १७०० उष्मांक मिळाले, तरी सरासरी २२५० च येते! दोघेही रेषेवर; पण दुसरी अर्धपोटी. हा भागाकार वर्गात फळ्यावर करून पाहावा.

जळगावजवळचे असोदे घ्या. बहिणाबाई चौधरी १८८० साली याच गावी जन्मल्या. त्यांच्या काळी घरातल्या बाईचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होई, पुढे शेतातले काम असे. दळण, पाणी भरणे, कापूस वेचणे या श्रमांना ऊर्जा लागते. पण कोण किती राबले आणि कोण शेवटी जेवले, हे दरडोई आकड्यात उमटत नाही.

म्हणून दांडेकर-रथांची रेषा चुकीची ठरत नाही, अपुरी ठरते. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव मिळाले. खानदेशातील घरांची पाहणी तेथील विद्यार्थ्यांनी ताटागणिक केली, तर त्या नावाचे चीज होईल, असे आम्हाला वाटते.