कमला सोहोनींच्या गोष्टीत वाल कुठे आहेत?

28 फेब्रुवारीला विज्ञान दिन, 8 मार्चला महिला दिन. आठ दिवसांच्या अंतराने येणाऱ्या या दोन्ही कार्यक्रमांत आपल्याकडे डॉ. कमला सोहोनी यांचा फोटो हमखास लागतो. खाली ठरलेली ओळ असते: ‘विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला’. मग भाषण होतं आणि त्यातली गोष्टही ठरलेली असते. 1933 साल. तेव्हाच्या कमला भागवत पदवी परीक्षेत उत्तम गुण मिळवून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज करतात. संचालक सर सी. व्ही. रामन बाईमाणूस म्हणून प्रवेश नाकारतात. त्या हटत नाहीत. शेवटी वर्षभराच्या परीक्षेच्या अटीवर प्रवेश मिळतो, रामन यांचं मत बदलतं, आणि पुढे संस्थेत मुलींना वाट मोकळी होते. टाळ्या.

गोष्ट खरी आहे आणि ती सांगायलाच हवी. अडचण अशी की ती दारातच संपते. आत गेल्यावर बाईंनी नेमकं काय केलं, हे विचारलं तर बहुतेक श्रोत्यांना (आणि बऱ्याच वक्त्यांनाही) सांगता येत नाही.

गंमत बघा. विज्ञान दिन हा रामन परिणामाच्या शोधाचा दिवस. म्हणजे रामन यांचं आपण काम साजरं करतो. प्रकाशाचं विखुरणं म्हणजे काय, हे निदान दोन वाक्यांत तरी मुलांना सांगितलं जातं. कमलाबाईंचा मात्र प्रवेश साजरा होतो. शिवाय त्या गोष्टीतही शेवटी मोठं मन दाखवणारे रामनच ठरतात.

‘पहिली’ या शब्दावर सगळी भिस्त ठेवणंही धोक्याचं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट 1931 मध्येच मिळाली होती. कमलाबाईंची केंब्रिजची पदवी 1939 ची. मग कमलाबाईंचा फोटो उतरवायचा का? अजिबात नाही. पण मोठेपण फक्त क्रमांकावर उभं केलं, तर क्रमांक हलला की तेही हलतं. कामावर उभं केलं, तर हलत नाही.

तर काम काय होतं? बंगळूरला त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशी श्वसन कशा करतात यावर काम केलं. त्यात बटाट्याच्या पेशींत त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं हे छोटं प्रथिन प्राण्यांप्रमाणे वनस्पतींतही काम करतं, हे त्यातून पुढे आलं. तिथले त्यांचे एक मार्गदर्शक रॉबिन हिल. प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात ‘हिल अभिक्रिया’ येते ना, तेच हे हिल.

नंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या पुन्हा कडधान्यांकडे वळल्या. 1950 च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय भाज्या आणि कडधान्यांतल्या ट्रिप्सिन-रोधकांवर शोधनिबंध लिहिले. पुढे वालातल्या रोधकावरही काम झालं. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिनांचे तुकडे करणारं विकर. कच्च्या कडधान्यात काही प्रथिनं अशी असतात की ती या कात्रीच्या पात्यातच अडकून बसतात. मग धान्यात प्रथिन भरपूर असूनही अंगाला कमी लागतं. उष्णतेने हे रोधक बऱ्याच अंशी निकामी होतात. ज्या घरात प्रथिन म्हणजे मुख्यतः आमटी आणि उसळ, तिथे हा साधासुधा प्रश्न नव्हे.

कोकणात तर हे घरचंच आहे. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, नीट शिजवायचे, हे रत्नागिरीतल्या मुलीला शिकवावं लागत नाही. त्या शिजवण्यामागचं रसायनशास्त्र एका मराठी बाईने तपासलं होतं, हे मात्र तिला कुणी सांगत नाही. तिच्यापर्यंत पोचतं ते एवढंच, की बाईने विज्ञानात जायचं म्हणजे आधी अपमान गिळायचा आणि मग परवानगी मिळवायची. प्रश्न कसा सुचतो, एकाच प्रश्नाकडे माणूस वर्षानुवर्षं कसा परत येतो, ही खरी ओढ लावणारी गोष्ट राहूनच जाते.

म्हणून एक सुचवणं. पुढच्या विज्ञान दिनाला कॉलेजच्या प्रयोगशाळेत दूध पावडरीचं पातळ द्रावण घ्या. त्यात ट्रिप्सिन घातलं की दुधातलं प्रथिन तुटतं आणि पांढरं द्रावण हळूहळू नितळ होतं. दुसऱ्या नळीत ट्रिप्सिनमध्ये कच्चे वाल वाटून गाळलेलं पाणी आधी मिसळा, तिसरीत तेच पाणी चांगलं उकळून गार करून. कोणती नळी मागे राहते ते घड्याळ लावून बघा. प्रमाणं आधी दोन-तीनदा करून ठरवावी लागतील. कच्च्या वालाचं पाणी कुणी चाखू नये, एवढं पथ्य. खर्च फारसा नाही, ट्रिप्सिन तेवढं मागवावं लागेल.

शाळेत ट्रिप्सिन नसेल तर भेसळ ओळखण्याच्या चाचण्या करता येतील. कमलाबाई पुढे ग्राहक चळवळीतही होत्या, अन्नातली भेसळ हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता.

रामन यांची गोष्टही सांगावी, नळ्या नितळ व्हायची वाट बघताना. तेवढ्या वेळात ती सहज सांगून होते.