लीना बो बार्डी आणि जुन्या वास्तूंचे नवे प्रयोजन

जुन्या वास्तूस नवे प्रयोजन देताना नेमके काय जतन करावयाचे, या प्रश्नाची चर्चा बहुधा भिंती, कमानी आणि छपरे यांच्यापाशीच थांबते. रोम येथे जन्मलेल्या आणि १९४६ पासून ब्राझील ही कर्मभूमी मानलेल्या लीना बो बार्डी (१९१४–१९९२) यांनी हा प्रश्न वास्तूत चालणाऱ्या जीवनापर्यंत नेला. त्यांच्या कार्याचे मर्म येथेच आहे. आणि मर्यादाही येथेच आहे.

साल्वादोर येथील समुद्रकाठच्या उन्यांव या वसाहतकालीन वास्तुसमूहात त्यांनी १९६३ मध्ये लोककलेचे संग्रहालय उभे केले. तेथील लाकडी जिना विशेष उल्लेखनीय होय. त्याचे सांधे स्थानिक बैलगाडीच्या जोडकामावरून घेतलेले आहेत. आतील वस्तू ज्या कारागिरीची साक्ष देतात, तीच कारागिरी वास्तूच्या रचनेतही उतरली. तथापि १९६४ च्या लष्करी उठावानंतर बाईंना साल्वादोर सोडावे लागले. जिना राहिला, ज्या उद्देशाने तो बांधला, तो मात्र खंडित झाला.

साओ पाउलो येथील पोंपेया केंद्राची कथा निराळी आहे. पिंपे बनविण्याचा तो जुना कारखाना बाईंनी प्रथम पाहिला, तेव्हा सुटीच्या दिवशी तेथे मुले खेळत होती आणि कुटुंबे एकत्र जमत होती. हे आधीच रुजलेले जीवन टिकविणे हेच त्यांनी आपले कार्य मानले. भिंतींवरील गिलावा काढून विटा व काँक्रीटचा सांगाडा उघडा केला. वाचनाच्या दालनात पाण्याचा वळणदार प्रवाह खेळविला. हा भाग १९८२ मध्ये खुला झाला. क्रीडागृहांसाठी उरलेल्या जागेखालून बंदिस्त ओढा वाहत असल्याने त्यावर बांधकाम करणे शक्य नव्हते. म्हणून दोन मनोरे दोहों बाजूंस उभारून ते पुलांनी जोडले. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्यांपैकी एकाच्या खिडक्या म्हणजे काचेविना ठेवलेली ओबडधोबड भगदाडे होत. त्यांतून वारा मुक्तपणे वाहतो.

आज या कार्यास पर्यावरणपूरक म्हणण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी ग्राह्य नाही. मनोऱ्यांत नवे काँक्रीट विपुल प्रमाणात वापरले आहे. कारखाना न पाडणे, हीच येथील खरी काटकसर होय.

याहून महत्त्वाचा मुद्दा संस्थेचा आहे. पोंपेया केंद्र चालविणारी सेस्क ही संस्था १९४६ मध्ये स्थापन झाली असून व्यापारी आस्थापनांच्या वेतनपटावरील अनिवार्य वर्गणीवर ती चालते. साल्वादोर येथे असा आधार नव्हता. दोन्ही ठिकाणी प्रतिभा एकच होती. फळ मात्र भिन्न मिळाले. यावरून असे म्हणावे लागते की, वास्तूस दुसरा जन्म देणे वास्तुशिल्पज्ञाच्या हाती असले, तरी तिचे पुढील आयुष्य तिला सांभाळणाऱ्या संस्थेच्या हाती असते. केवळ आराखड्यांच्या आधारे पुनर्वापराचे मूल्यमापन करणारी समीक्षा म्हणूनच अपुरी ठरते.